वन्संचे गुण

नणंद ही जन्मतःच परीक्षक असते, असे आमच्या घरातल्या सुना तीन पिढ्या सांगत आल्या आहेत. सासूचे निदान बरे असते. तिला स्वतःला स्वयंपाक येत असल्यामुळे आमटीत मीठ जास्त झाले, तर ते का झाले हेही तिला कळते. नणंदेला फक्त मीठ जास्त झाले एवढेच कळते, आणि ते ती पंगतीत सांगते. तेव्हा माझी धाकटी नणंद जर्मनीत रीतसर परीक्षक व्हायला निघाली आहे, असे पत्र आले त्या दिवशी आमच्या थोरल्या जाऊबाई भाजी निवडता निवडता एवढेच म्हणाल्या, "त्यात शिकायचं काय राहिलं होतं?"

पण वन्सं परीक्षक होणार होत्या त्या कुत्र्यांच्या.

कुत्र्यांची परीक्षा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रदर्शन येते. न्हाऊमाखू घातलेली, केस विंचरलेली कुत्री, आणि त्यांच्यापेक्षा अधिक नटलेले मालक. ही परीक्षा तशी नव्हे. येथे कुत्रा कसा दिसतो याला एकही गुण नाही. तो काय करतो, यालाच सारे गुण. तीन विषय आणि प्रत्येकी शंभर गुण. पहिला विषय माग काढणे, दुसरा आज्ञापालन आणि तिसरा संरक्षण. प्रत्येक विषयात सत्तर मिळाले तर पास. शहाण्णवच्या वर उत्कृष्ट, नव्वदच्या वर फार चांगले, ऐंशीच्या वर चांगले, सत्तरच्या वर समाधानकारक आणि त्याखाली अपुरे. आमच्याकडे पस्तिसाला पास करतात आणि एखाददुसरा गुण कमी पडला तर तो वरून घालण्याचीही सोय असते. तेथे एकोणसत्तर म्हणजे एकोणसत्तर. मी शाळेत शिकवते. बावीस वर्षे उत्तरपत्रिका तपासते आहे. त्यामुळे हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या कुत्र्यांच्या मालकांचा. पेपर तपासून झाल्यावर ते लोक परीक्षकाच्या घरी येत नाहीत काय?

२०२३ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी वन्संकडे गेले. ह्यांना रजा नव्हती. दक्षिण जर्मनीत श्वाबेन म्हणून जो मुलूख आहे, त्यातल्या एका खेड्यात त्या राहतात. सफरचंदाची जुनी झाडे, उतरणीवर गवताची कुरणे, आणि मागे जुरासिक काळातल्या चुनखडीच्या टेकड्यांची निळसर रांग. त्या टेकड्यांवरून अजूनही मेंढपाळ कळप घेऊन फिरतात, हे मला तेथे जाईपर्यंत ठाऊक नव्हते. माझी शाळा माण तालुक्यातली. दसरा झाला की आमच्या शाळेच्या कुंपणाबाहेरून धनगरांचे वाडे निघतात. घोड्यावर कोंबड्या, कोंबड्यांशेजारी तान्ही मुले आणि सर्वांच्या मागे कुणालाच न जुमानणारी दोन कुत्री. तेव्हा त्या परदेशी टेकडीवर काठी टेकून उभा असलेला मेंढपाळ पाहून मला फार ओळखीचे वाटले. फरक होता तो कुत्र्यात. आमच्या धनगराचा कुत्रा लांडग्यासाठी असतो. रात्री तो जागला की त्याचे काम झाले. तेथला कुत्रा दिवसभर कुरण आणि पीक यांच्या मधल्या सरीवरून एकसारखा येरझाऱ्या घालत असतो. एकीकडे गवत, दुसरीकडे शेतकऱ्याचा गहू, मध्ये कुंपण नाही. तो कुत्रा हेच कुंपण.

आपण ज्याला इतकी वर्षे अल्सेशियन म्हणत आलो, तो हाच. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' हा शब्दही तोंडात नको झाला, म्हणून त्यांनी कुत्र्याचे नाव बदलले. ते परत जर्मन शेफर्ड असे झाले १९७७ साली. आमच्याकडच्या जुन्या माणसांना ही बातमी अजून पोचलेली नाही. मूळ पुरुष माक्स फोन स्टेफानित्झ नावाचा एक घोडदळातला अधिकारी. त्याने १८९९ च्या एप्रिलमध्ये कार्ल्सरूच्या प्रदर्शनात मेंढपाळी जातीचा एक कुत्रा पाहिला, तेथल्या तेथे विकत घेतला आणि त्याच महिन्यात संघ स्थापन केला. कळप कमी होत चालले होते. काम गेले की जात जाते, हे त्याने ओळखले. म्हणून त्याने या कुत्र्याला पोलिसांकडे नेले, सैन्यात नेले. पुढे आंधळ्या सैनिकांना वाट दाखवण्याचे काम त्याच्याकडे आले. त्यासाठीची पहिली शाळा १९१६ साली ओल्डेनबुर्गला निघाली. आणि कोणत्या कुत्र्याची पुढची वीण घ्यायची हे ठरवायला परीक्षा आली. रूप पाहून नव्हे, काम पाहून. मुलीच्या लग्नात आपणही हेच म्हणतो, पण करीत नाही.

वन्सं या वाटेला कशा लागल्या ते सांगितले पाहिजे. १९९८ साली लग्न होऊन त्या तिकडे गेल्या. यजमान यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांनी २०११ साली एक पिल्लू आणले, वाघ्या नाव ठेवले आणि सहा महिन्यांत हृदयविकाराने ते गेले. घरात उरल्या त्या वन्सं, आणि त्यांचे अक्षरही न ऐकणारा एक दांडगा कुत्रा. आम्ही सर्वांनी एकच सांगितले, "परत या." त्या आल्या नाहीत. कुत्रा कुणाला देऊन टाका म्हटले, तर म्हणाल्या, "ह्यांच्या हातचं तेवढंच राहिलंय."

शेजारी एक सुतार राहत होते. सेवानिवृत्त, विधुर, कमी बोलणारे. श्वाबी माणूस मुळातच कमी बोलतो. त्यांच्यात एक म्हण आहे: रागावलो नाही म्हणजे पुरे कौतुक झाले. एके दिवशी वाघ्याने वन्संना रस्त्यावर ओढून पाडले. सुतारआजोबांनी कुंपणावरून पाहिले, आत गेले, टोपी घालून बाहेर आले आणि म्हणाले, "शनिवारी दोन वाजता मैदानावर या. चपला नकोत, बूट घाला." बारा वर्षांत त्यांनी वन्संना केलेले सर्वांत लांब भाषण हेच, असे त्या सांगतात.

बुटांपासून सुरुवात झाली ती परीक्षकाच्या चोपडीपर्यंत गेली. हा पल्ला थोडा नव्हे. परीक्षक व्हायचे तर आधी स्वतःच्या हाताने शिकवलेला कुत्रा वरच्या, म्हणजे तिसऱ्या श्रेणीपर्यंत नेऊन उत्तीर्ण करून दाखवावा लागतो. मग प्रांतिक शाखेची शिफारस, नियमांची लेखी परीक्षा, आणि त्यानंतर उमेदवारी. उमेदवाराने रविवारमागून रविवार दुसऱ्या गावच्या परीक्षांना जायचे, अनुभवी परीक्षकाशेजारी उभे राहायचे आणि आपले गुण आपल्या चोपडीत वेगळे लिहायचे. ते गुण कुत्र्याला मिळत नाहीत. मिळतात ते अनुभवी परीक्षकाचे. उमेदवाराचे गुण मागाहून त्याच्या गुणांशी ताडून पाहतात. म्हणजे मैदानावर कुत्रा परीक्षा देत असतो आणि कडेला परीक्षक.

याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. आमच्या पेशात गुण बंद खोलीत देतात. लाल शाई, एकांत, आणि मागे कुणी नाही. येथे प्रत्येक कुत्र्याचे काम संपले की परीक्षक ध्वनिक्षेपक हातात घेऊन भर मैदानात, मालक आणि कुत्रा समोर उभे असताना, काय बरे झाले, काय चुकले आणि किती गुण, हे सर्वांना सांगतो. निर्णयावर दाद मागता येत नाही. आमच्या मुख्याध्यापकांनी आम्हा शिक्षकांना असे करायला लावले, तर दुसऱ्या दिवशी शाळेत मुले येतील, शिक्षक येणार नाहीत.

या भाषणाची वन्संनी धास्ती घेतली होती. जर्मन त्यांना उत्तम येते. पण डोळ्यांनी एकदाच पाहिलेले, क्रम न चुकता, शब्द न शोधता, पन्नास श्वाबी पुरुषांपुढे सांगायचे! त्यांच्या उमेदवारीत बायका थोड्या, आणि बाहेरच्या देशातून आलेल्या त्या एकट्या. "वहिनी, लग्न करून नव्या घरात गेल्यावर पहिल्या दिवशी पोळ्या लाटताना सगळ्या बायका हाताकडे बघतात ना, तसं वाटतं," त्या म्हणाल्या. हे मला माझ्या नणंदेने सांगावे, याची मला गंमत वाटली. माझ्या पोळ्यांकडे त्या दिवशी कोण पाहत होते ते मी बोलले नाही.

मग घरातच तालीम सुरू झाली. रात्री जेवणे झाली की वन्सं म्हणायच्या, "वहिनी, तुम्ही जरा चाला." मी स्वयंपाकघरातून बाहेरच्या दारापर्यंत चालायचे, वळायचे, परत यायचे, खाली बसायचे, डाव तोंडात धरण्याऐवजी हातात धरून आणायचा. आणि त्या ओट्यापाशी उभ्या राहून पळीच्या ध्वनिक्षेपकात बोलायच्या. पहिल्या रात्री मराठीत, कारण मला कळायला पाहिजे. "वळणावर मागे राहते. बसताना तिरकी बसते. वस्तू आणताना उत्साह आहे, पण देण्यापूर्वी चावते." मी म्हटले, "वन्सं, मी डाव चावला नाही." त्या म्हणाल्या, "परीक्षकाचा निर्णय अंतिम आहे." शहात्तर गुण दिले. समाधानकारक. लग्नाच्या एकोणिसाव्या वर्षी नणंदेकडून हे मिळाले, म्हणजे पुष्कळ झाले.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यांच्याच क्लबात परीक्षा होती. पहाटे पाचला निघालो. गवतावर दव होते आणि थंडी अशी, की मी शालीवर कोट चढवला. मोठे परीक्षक आधीच आले होते. उंच, हडकुळे गृहस्थ. खिशात तीन पेन्सिली. आठ कुत्री होती. यादी पाहून वन्संचा चेहरा उतरला. शेवटून दुसरे नाव सुतारआजोबांचे होते. त्यांचा कुत्रा नऊ वर्षांचा, आजोबा अठ्ठ्याहत्तरचे. त्या कुत्र्याची ही शेवटची परीक्षा, हे गावात सर्वांना माहीत होते. नियमात लिहिले आहे की परीक्षकाने स्वतःचा कुत्रा तपासू नये, आपल्या घरात राहणाऱ्या माणसाचा तपासू नये. गुरूबद्दल नियमात काही नाही.

माग काढणे हा विषय पाहायला सर्वांत नीरस आणि समजू लागला की सर्वांत गोड. तिसऱ्या श्रेणीला एक परका माणूस शेतातून सहाशे पावले चालतो. पाच सरळ रेषा, चार काटकोनी वळणे. वाटेत तीन लहान वस्तू टाकतो, चामड्याचा, लाकडाचा, कापडाचा तुकडा. बोटाएवढ्या लांबीच्या आणि जमिनीच्या रंगाच्या, म्हणजे डोळ्यांना दिसू नयेत. मग तासभर थांबायचे. त्या तासात पायाखाली चिरडलेले गवत आणि उकरली गेलेली माती यांचा वास बदलत राहतो. तासाने कुत्रा दहा मीटर दोरीवर सोडतात. त्याने नाक मातीला लावून, एका चालीने, पावलावर पाऊल काढीत जायचे. वस्तू सापडली की तेथे पडून राहायचे.

यातली मेख मला वन्संनी समजावली तेव्हा मी टाळीच वाजवली. तीन वस्तूंना मिळून गुण एकवीस. बाकीचे एकोणऐंशी गुण कशाला? तर कसा गेला त्याला. नाक वर करून वाऱ्यावर वास घेत कुत्रा धावत सुटला आणि तिन्ही वस्तू त्याने घेऊन आणल्या, तरी तो नापास! गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर आणि रीत नाही, अशा मुलांशी मी बावीस वर्षे भांडते आहे. पालक म्हणतात, "उत्तर तर आलं ना, बाई!" त्या पालकांना एकदा श्वाबेनमध्ये नेले पाहिजे.

आजोबांची पाळी आली तेव्हा ऊन वर आले होते, दव सुकत चालले होते. कुत्र्याने सुरुवात घाईने केली. पहिली वस्तू सापडली. दुसऱ्या वळणावर तो पुढे गेला, वास तुटला, आणि त्याने एक पुरा फेरा घेतला. आजोबा खांबासारखे उभे. कुत्र्याने पुन्हा वास धरला. दुसरी वस्तू सापडली. चौथ्या रेषेवर कावळे उडाले तेव्हा त्याने मान वर केली, पुढे ओढ लावली, आणि तिसरी वस्तू तो ओलांडून गेला. आजोबा शेवटच्या टोकाला पोचले, कुत्र्याच्या मानेवर थोपटले आणि परत येऊन समोर उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. वन्सं पाहत नव्हत्या. त्यांची पहिली शिकवणच ती असते, की माणसाकडे पाहायचे नाही.

मोठ्या परीक्षकांनी गुण जाहीर केले: एकाहत्तर. बांधावर उभ्या असलेल्या लोकांनी श्वास सोडला. वन्संच्या चोपडीत एकोणसत्तर होते.

बाकीचे लोक मैदानाकडे निघाले. मोठे परीक्षक थांबले. त्यांनी चोपडी मागून घेतली. मी चार पावलांवर होते. संभाषण जर्मन चालले होते, ते वन्संनी मला रात्री सांगितले, आणि सांगताना एक शब्द गाळला असेल असे मला वाटत नाही.

"सुरुवातीला चार. बरोबर. मान वर केली त्याचे सहा, शेवटच्या ओढीचे सहा, वस्तूचे सात. इथपर्यंत आपण एक आहोत. वळणावर मी सहा कापले, तुम्ही आठ. का?"

"पूर्ण फेरा घेतला."

"मीही पाहिला. मालकानं मदत केली?"

"नाही."

"वास कुणी शोधला?"

"कुत्र्यानं."

"सकाळी पहिल्या कुत्र्यानं असाच फेरा घेतला. त्याचे किती कापलेत?"

वन्संनी पान उलटले. तेथे सहा लिहिले होते.

मोठे परीक्षक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमचे ते शिक्षक, नाही का?" आणि वन्संनी रबर काढले, तर त्यांनी हाताने थांबवले. "खोडू नका. राहू दे. पुढं वाचायला उपयोगी पडेल."

रात्री हे ऐकताना मला माझे वडील आठवले. तेही शिक्षक, आणि चौथीला माझा वर्ग त्यांच्याकडे. वर्षभर माझ्या निबंधाला वर्गात कधी पहिला नंबर मिळाला नाही. शेजारच्या मुलीची वही उघडली तर माझ्याहून दोन चुका जास्त आणि एक गुणही जास्त. आई म्हणायची, "स्वतःची मुलगी आहे म्हणून लोक बोलतील, त्याला भितात." मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा. मोठ्या न्यायाच्या घरात आपण राहतो, असे वाटायचे. आता वाटते, दोन वह्या होत्या, आणि गुण ठरत होते ते तिसऱ्याच गोष्टीवरून. ओढीने दोन गुण जास्त देणारा मास्तर आम्हाला लगेच ओळखू येतो, त्याच्या नावाने सगळे गाव बोटे मोडते. ओढीनेच दोन गुण कमी देणाऱ्याचा सत्कार होतो. ज्याचे गुण जातात त्याला मात्र दोन्ही सारखेच.

वन्संना मी हे सांगितले. त्या म्हणाल्या, "वहिनी, पण त्या क्षणी मला खरंच आठ दिसले हो. मी मुद्दाम नाही कापले. हेच तर भय आहे."

दुपारी आज्ञापालन. कुत्र्याने मालकाच्या डाव्या गुडघ्याशी खांदा ठेवून चालायचे, माणसांच्या घोळक्यातून जायचे, मागे दोन बार उडाले तरी दचकायचे नाही. चालता चालता बसायचे, पडायचे, उभे राहायचे. दोन किलोचे लाकडी डंबेल आणायचे. मीटरभर उंच आडकाठीवरून उडी मारायची आणि एकशे ऐंशी सेंटिमीटरची उतरती भिंत चढून जायची. आजोबा मैदानात उतरले तेव्हा मोठ्या परीक्षकांनी ध्वनिक्षेपक वन्संच्या हातात दिला. "या कुत्र्याचं तुम्ही बोला." मला वाटते ते त्यांनी मुद्दामच केले. नियमाप्रमाणे गुण त्यांचे, शब्द वन्संचे.

चालण्यात एक कलम असे आहे, की नेहमीची चाल झाली की दहा-पंधरा पावले धावायचे आणि मग सावकाश चालायचे. तिन्ही चालींतला फरक दिसला पाहिजे. आजोबांचा उजवा पाय अधू. ते धावले. धावले म्हणजे काय, खांदे वर झाले, हात हलू लागले, पाय तेच राहिले. आणि तो नऊ वर्षांचा कुत्रा, गुडघ्याला खांदा लावून, त्या न धावण्याशी आपले धावणे जुळवीत चालला होता. एक बोट पुढे नाही, एक बोट मागे नाही. माझ्या शेजारच्या बाई पाकिटातून रुमाल काढू लागल्या.

मला भीती वाटली, आता वन्सं यावर काही गोड बोलतील. त्या बोलल्या नाहीत. आजोबा समोर येऊन उभे राहिले, कुत्रा बसला, आणि वन्संचा आवाज मैदानभर पसरला. पहिल्या वाक्याला जरा कापरा, पुढे सरळ. मला थोडेच कळले. नंतर त्यांनी अर्थ सांगितला तो असा: धावण्याची चाल नेहमीच्या चालीहून वेगळी दिसली नाही, त्याचे गुण गेले. कुत्र्याची जागा तिन्ही चालींत अचूक, त्यात काही गेले नाही. डंबेल उचलताना दोनदा पकडले. उडी स्वच्छ. भिंतीवर परतताना संथ. पुढे पाठवल्यावर दुसरी आज्ञा लागली. एक्याऐंशी, चांगले. आजोबांच्या वयाविषयी एक शब्द नाही, शेवटच्या परीक्षेविषयी नाही, उपकारांविषयी नाही. आजोबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, जणू लाकडाचे माप कुणी वाचून दाखवीत आहे आणि ते बरोबर येत आहे.

मोठ्या परीक्षकांनी आपल्या पुठ्ठ्यावर पाहिले. एक्याऐंशीच होते.

तिसरा विषय मी थोडक्यात सांगते, कारण तो मला फारसा आवडला नाही. मैदानात सहा आडोसे असतात, एकात जाड बाही घातलेला माणूस चोर होऊन लपतो. कुत्र्याने त्याला शोधून, चावता न येता, नुसते भुंकून धरून ठेवायचे, आणि तो पळाला किंवा अंगावर आला तरच बाहीला धरायचे. त्यात मऊ वेष्टणाच्या काठीचे दोन फटकेही कुत्र्याला मारतात. लागत नाहीत म्हणतात. मी वन्संना म्हटले, लागत नसतील तर मारता कशाला? यावर त्यांचे आणि माझे आजपर्यंत एकमत झालेले नाही. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे: या विषयात जीव जातो तो धरण्यात नव्हे, सोडण्यात. "आउस" म्हटले की कुत्र्याने बाही सोडली पाहिजे. तीन आज्ञांत सोडली नाही तर सारी परीक्षा बाद, सकाळच्या मागासकट. आजोबांच्या कुत्र्याने दुसऱ्या आज्ञेला सोडली. ऐंशी गुण. एकूण दोनशे बत्तीस, समाधानकारक. माझ्या डावाइतकेच.

संध्याकाळी क्लबाच्या पडवीत सॉसेज आणि बटाट्याची कोशिंबीर. मी कोशिंबीर खाल्ली. आजोबा आपली थाळी घेऊन वन्संच्या समोर येऊन बसले. कुत्रा बाकाखाली झोपला होता. बराच वेळ खाण्याचाच आवाज. मग आजोबा म्हणाले, "सकाळी तू मला किती दिलेस?"

उमेदवाराने आपले गुण सांगावेत की नाही, मला माहीत नाही. वन्संनी मोठ्या परीक्षकांकडे पाहिले, त्यांनी बिअरच्या पेल्यात पाहिले.

"एकोणसत्तर," वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे नापास."

"नापास."

"कुठं कापलेस?"

"दुसऱ्या वळणावर. दोन जास्त कापले. तिथं सहाच जायला हवे होते."

आजोबांनी काटा खाली ठेवला. मग दुसरा काटा उचलून पहिल्याला काटकोनात लावला, आणि वळणाच्या जागी मोहरीची बाटली ठेवली. "सहा कसे? हा इथं आला. इथं त्याला वास होता. वास असताना तो पुढं गेला. नऊ वर्षं हा दुसऱ्या वळणावर हेच करतो. मी परीक्षक असतो तर आठ कापले असते."

"वास नव्हता," मोठे परीक्षक पेला ठेवून म्हणाले. "वारा पूर्वेकडून होता, दव सुकलं होतं."

"वारा वळणानंतर सुटला."

"मी तिथं उभा होतो."

"मी दोरी धरली होती."

मोठ्या परीक्षकांनी बाटली दोन बोटे सरकवली. आजोबांनी ती परत आणली. बाजूच्या टेबलावरचे लोक पेले घेऊन जवळ आले. कुणी वाऱ्यासाठी रुमाल मांडला, कुणी कावळ्यांसाठी पावाचे तुकडे. वन्संनी चोपडी उघडून मांडीवर घेतली होती, पेन्सिल हातात होती, आणि त्या एकदा या काट्याकडे, एकदा त्या काट्याकडे पाहत होत्या. साडेनऊपर्यंत उजेड असतो तिकडे. मला थंडी वाजू लागली म्हणून मी बाकाखालच्या कुत्र्याच्या अंगाशी पाय नेऊन ठेवले. त्याने डोळा उघडून पाहिले आणि परत मिटला.